आधी थांबायला शिकावं

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेऊन ती ट्रॅकवर चालवायचं मनात घेतलेल्या तरुणांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "हिची ताकद वाढवायला काय काय करता येईल?" माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न पहिला तर नाहीच, पहिल्या दहातसुद्धा नाही. पहिला प्रश्न असायला हवा, "ही गाडी थांबते कशी?" आणि दुसरा, त्याहून अवघड, "मला ती थांबवता येते का?" खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण एका वाक्यात सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हे शाळेत पस्तीस वर्षं काढल्यावर मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला ही नसती उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. कारण साधं आहे. माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहतो. त्याने १९८६ सालची पोर्श ९४४ घेतली आणि ती ट्रॅकसाठी तयार करायला काढली. मी त्याच्याकडे दोन महिने राहिले, तेव्हा रोज संध्याकाळी तो गाडीखाली आणि मी विजेरी धरून शेजारी, असा आमचा कार्यक्रम असे. त्याचे हात चालत, माझे प्रश्न चालत. त्या प्रश्नोत्तरांतून माझं जे मत तयार झालं, ते हे.

आधी 'ट्रॅक डे' म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे हा शब्द फारसा कोणाला माहीत नाही. शर्यतीचं सर्किट एका दिवसापुरतं सामान्य लोकांना खुलं करतात. ठरलेली फी भरायची, स्वतःची गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं करून गाडी चालवायची. समोरून वाहन येत नाही, पादचारी नाही, चौक नाही, गुरं नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे ही शर्यत नव्हे. नंबर काढत नाहीत, बक्षीस देत नाहीत, आणि इंग्लंडात तर घड्याळ लावून फेरीची वेळ मोजायलाही सहसा बंदी असते. भाच्याच्या घराजवळचं सर्किट म्हणजे ब्रँड्स हॅच. १९६४ ते १९८६ या काळात ब्रिटिश ग्रां प्री एक वर्ष सिल्व्हरस्टोनला तर एक वर्ष इथे होत असे. त्याचा छोटा मार्ग जेमतेम १.९ किलोमीटरचा आहे. पण सरळ रस्ता संपतो तिथे पॅडॉक हिल नावाचं वळण आहे. उजवीकडे वळता वळता रस्ता एकदम पायाखालून उतरतो आणि पुढचं काही दिसत नाही. मी कठड्याबाहेर उभी राहून ते पाहिलं. बाहेर उभी असूनही पोटात खड्डा पडला.

आता गाडीविषयी. पोर्श म्हटलं की श्रीमंती थाट डोळ्यांसमोर येतो, पण ९४४ ही त्या घराण्यातली गरीब बहीण. १९८२ ते १९९१ या काळात ती बनत होती, तीही बहुतेक काळ कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात नव्हे तर नेकारझुल्म इथल्या आऊडीच्या कारखान्यात. दीड लाखाहून जास्त गाड्या बनल्या. दोन दारं, पुढे लांब नाक, मागे काचेचं मोठं झाकण. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि १६३ अश्वशक्ती. तेवढी ताकद आज मुलाबाळांना शाळेत सोडणाऱ्या एखाद्या साध्या गाडीतही सापडते. पण हिची गंमत ताकदीत नाहीच. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी ठेवल्यामुळे गाडीचं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वाटलेलं आहे. कावडीचे दोन्ही हंडे सारखे भरलेले असले की चालणाऱ्याचा तोल जात नाही, तसं. नवशिक्याच्या हातून काही चुकलं तर ही गाडी लगेच शिक्षा करत नाही, आधी समज देते. शिकणाऱ्याला अशीच गाडी हवी.

पण भाच्यानेही सुरुवात इतरांसारखीच केली. गाडी आणल्यावर महिन्याभरात त्याने पहिली खरेदी केली ती नव्या सायलेन्सरची. आवाज भारदस्त यावा म्हणून. सर्किटवर सकाळी आधी आवाजाची परीक्षा असते, हे त्याने वाचलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर तिरका मायक्रोफोन धरतात, इंजिन कमाल फेऱ्यांच्या पाऊणपटीवर नेऊन डेसिबल मोजतात. सर्किटच्या शेजारी गावं असतात, त्यांना झोप असते, म्हणून ही मर्यादा. भाच्याची गाडी मर्यादेपेक्षा वर गेली आणि फी भरूनही पहिल्या दिवशी त्याला चाक ट्रॅकला न लावता घरी परतावं लागलं. मला विचाराल तर त्या दिवसाइतका स्वस्त धडा त्याला पुढे मिळाला नाही. ज्या वस्तूमुळे गाडी थांबत नाही, वळत नाही, थंड राहत नाही, तिच्यावर पहिला पैसा खर्च झाला आणि त्याच वस्तूने त्याला फाटकातून मागे फिरवलं.

दुसरा धडा ब्रेकचा, आणि तो स्वस्त नव्हता. पुढच्या खेपेला तो जुना सायलेन्सर लावून गेला. पाचव्या फेरीला ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पुढच्या वळणाला आणखी खोल. त्याने पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं, खालचा गिअर टाकला आणि वळणाबाहेरच्या खडीत गाडी जाऊन रुतली. गाडीला आणि त्याला काही झालं नाही. पण हे त्याने मला सांगितलं तेव्हा आवाज खाली आणून सांगितलं, शेजारच्या खोलीत त्याची आई होती म्हणून.

पेडल का गेलं, हे समजून घेण्यासारखं आहे. गाडी थांबते म्हणजे तिची गती नाहीशी होते असं नाही, ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. माणसासकट तेराशे किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची म्हटलं, तर वेग निम्मा होतो पण गतीची ऊर्जा निम्मी होत नाही, पाऊण हिस्सा कमी होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हे फळ्यावर शंभरदा मांडलं असेल. हिशेब केला तर एका दमात ब्रेकमध्ये जाणारी उष्णता तीस अंशांचं सव्वातीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. मोठं पातेलंभर पाणी, आणि वेळ सुमारे तीन सेकंद! गॅसवर ते पाणी तापायला किती वेळ लागतो, ते स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला माहीत आहे. आणि हे एकदा होऊन थांबत नाही. प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी पुन्हा पुन्हा होतं. रस्त्यावर ब्रेकला थंड व्हायला मैलच्या मैल मिळतात, ट्रॅकवर काही सेकंद.

आता ब्रेक ऑइल. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ घेतं तसं. डीओटी-४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या तेलासाठी हाच किमान आकडा १५५ पर्यंत खाली येतो. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, बुडबुडे दाबण्यातच संपतो. भाच्याच्या गाडीतलं तेल कधी बदललं होतं याची मागच्या मालकाकडेही नोंद नव्हती. रस्त्यावर त्या तेलाने वर्षानुवर्षं तक्रार केली नव्हती. ट्रॅकने पाच फेऱ्यांत केली.

म्हणून माझी यादी इथून सुरू होते. पहिलं, ब्रेक ऑइल बदला, तीनशे अंशांच्या वर उकळणारं चांगल्या प्रतीचं घ्या, नळ्यांतली हवा पुरती काढा आणि वर्षाला निदान एकदा हे पुन्हा करा. दुसरं, जास्त उष्णता सोसणारे ब्रेक पॅड घाला. रबरी ब्रेक-नळ्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या असतील तर त्याही बदला. याचा एकूण खर्च त्या भारदस्त सायलेन्सरपेक्षा कमी आला, हे भाच्याने स्वतः वहीत लिहून मला दाखवलं.

तिसरं, टायर. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. '२३१८' म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुन्या हौशी गाड्या कमी चालतात, म्हणून त्यांचे टायर दिसायला नवे असतात पण रबर कडक झालेलं असतं. नक्षी बघून टायर घेऊ नये, तारीख बघून घ्यावा. आणि नवशिक्याने एकदम शर्यतीच्या चिकट टायरांच्या मागे लागू नये, असं मला भाच्याचे शिक्षक म्हणाले. चांगला रस्त्याचा टायर सुटण्याआधी आवाज करतो, कुरकुरतो, सांगून सुटतो. चिकट टायर जास्त वेळ धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा तुमचा वेगही जास्त असतो. शिकणाऱ्याला सांगणारा सोबती हवा. टायरमधली हवा चालवताना गरम होऊन पाच-सहा पौंड सहज वाढते, तीही मधल्या सुट्टीत तपासायची. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळायचे, ९४४ ला १३० न्यूटन-मीटर, आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासायचे.

चौथं, गाडीचं वय. माझ्या मते जुनी गाडी तयार करणं म्हणजे तिच्यात काही जास्त घालणं नव्हे. ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तिथपर्यंत तिला परत आणणं हेच मोठं काम. ९४४ चा टायमिंग बेल्ट दर तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो, गाडी चालो वा न चालो. तो तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या वाल्व्हवर आदळतात आणि इंजिन कामातून जातं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून एकदा उघडलंच आहे तर तोही बदलून घ्यावा. क्लच बदलणं म्हणजे तर दिवाळीची साफसफाई. गिअरबॉक्स मागे असल्यामुळे इंजिनापासून तिथपर्यंत जाणारी नळी सरकवावी लागते, त्यासाठी सायलेन्सरचे पाइप उतरवावे लागतात, दोन दिवस सहज जातात. या इंजिनाचं आणखी एक दुखणं सगळ्या ९४४ वाल्यांना ठाऊक असतं. लांबलचक वळणात तेल इंजिनाच्या तळाशी एका बाजूला जातं आणि दुसऱ्या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग कोरडं पडतं. त्यावर निदान एक उपाय फुकट आहे: तेलाची पातळी पट्टीवरच्या वरच्या खुणेलाच ठेवायची आणि प्रत्येक खेपेनंतर पट्टी काढून बघायची. शाळेत रोज हजेरी घेतो तशी.

गाडी खाली बसवण्याचा मोहही आवरावा. जमिनीला चिकटलेली गाडी दिसते झकास. पण ९४४ च्या नंतरच्या मॉडेलांत पुढचे आर्म ॲल्युमिनियमचे आहेत. गाडी फार खाली घेतली की बॉल जॉइंट वाकडा अडतो आणि आर्म तुटू शकतो. दिसण्यासाठी केलेल्या बदलाने वळणात चाकच निसटावं, याला काय म्हणावं? ज्याने गाडी आखली त्याने ती एवढ्या उंचीवर का ठेवली असेल, हा प्रश्न आधी विचारावा. जुन्या माणसांच्या घरातली एखादी भिंत पाडण्याआधी ती कशाला बांधली होती हे विचारतात, तसंच हे.

पाचवं, अर्धवट सुरक्षितता. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ मुलं शर्यतीचे चार पट्टे मागवतात आणि साध्या सीटवर लावतात. भाच्यानेही मागवले होते, मग परत पाठवले. कारण असं, की हे पट्टे माणसाला ताठ बांधून ठेवतात. गाडी उलटली आणि छत दबलं, तर साध्या तीन टोकांच्या पट्ट्यात माणूस बाजूला झुकू शकतो, या पट्ट्यात झुकता येत नाही. म्हणून हे पट्टे लावायचे तर लोखंडी पिंजरा, योग्य सीट आणि मान सांभाळणारं साधन हे सगळं एकत्रच हवं. नाहीतर कारखान्याने दिलेला पट्टाच बरा. सुरक्षिततेच्या वस्तू कुटुंबासारख्या असतात, एकीला तोडून आणली तर ती घात करते. आणि गाडीतून पायपोस, पाण्याची बाटली, पाना, नाणी, जे जे सुटं आहे ते सगळं बाहेर काढावं. चालकाच्या पायाखालची चटई पेडलखाली गेली तर पुढचं सांगायला नको.

यादी इथे संपली. यात इंजिनाची ताकद वाढवण्याचा एकही आकडा नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे. ताकद वाढली की सरळ रस्त्याच्या शेवटी वेग वाढतो, म्हणजे ब्रेकवर उष्णता वाढते, टायरवर ओझं वाढतं, रेडिएटरवर वाढतं, आणि शिकणाऱ्याला विचार करायला मिळणारा वेळ तेवढा कमी होतो. शिवाय सगळ्यात वाईट म्हणजे ताकद चुका झाकते. वळणातून वाकडातिकडा बाहेर पडलेला माणूस ॲक्सिलरेटर दाबून पुढे निघून जातो आणि आपण बरे चालवतो असं समजतो. पाठांतराच्या जोरावर गणितात पास होणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. दहावीला ती अडतात. कमी ताकदीच्या गाडीत लपायला जागा नसते.

उरलेला पैसा कशावर घालावा? शिक्षकावर. इंग्लंडात ट्रॅक डेला थोडी फी भरून शिकवणारा शेजारी बसवता येतो. भाच्याच्या शेजारी बसलेले गृहस्थ साठीचे असतील. पहिल्या तीन फेऱ्यांत ते जवळजवळ एकच वाक्य बोलले म्हणे, "लांब बघ." नवशिका बोनेटच्या टोकाकडे बघतो. बघावं वळणाच्या आत, मग वळणाच्या बाहेर, गाडी नजरेमागे जाते. मी पहिलीतल्या मुलांना मोठ्याने वाचायला शिकवलं आहे. अक्षराला अक्षर लावणारं मूल अडखळतं, नजर दोन शब्द पुढे गेली की वाचन वाहायला लागतं. ब्रेक सरळ रस्त्यावरच आटपायचा, स्टिअरिंग हळू फिरवायचं, वळणात सावकाश शिरायचं म्हणजे बाहेर जोरात पडता येतं. एका दिवसाच्या शिकवणीने भाच्याच्या चालवण्यात जो फरक पडला, तो हजारो पौंड ओतूनही इंजिनात पडला नसता, हे त्याचं म्हणणं आणि माझंही.

सर्किटवरचे नियम ऐकून तर मला आमच्या शाळेचीच आठवण झाली. सकाळी सगळ्यांना एका खोलीत बसवून सूचना देतात, ज्याने सूचना ऐकल्या नाहीत त्याला ट्रॅकवर सोडत नाहीत. पहिल्या दोन-तीन फेऱ्या सगळ्यांनी सावकाश, रस्ता ओळखण्यासाठी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून परत. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, वाट द्या. ओव्हरटेक एकाच ठरलेल्या बाजूने, तेही पुढच्याने बघून इंडिकेटर दाखवल्यावर. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारायची म्हणजे वाऱ्याने सगळं थंड होतं, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेली चकती पॅडला चिकटून बसते म्हणून. यातलं मला सगळ्यात आवडलं ते वाट देणं. महागड्या गाडीतला मनुष्यही मागून बरा चालवणारा आला की इंडिकेटर देतो आणि त्याला जाऊ देतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या रस्त्यावर मागच्याला पुढे जाऊ देणं म्हणजे नाक कापल्यासारखं.

माझ्या बहिणीला यातलं काही पटलेलं नाही. तिचं म्हणणं असं, "ताई, तू त्याच्या हौसेला शास्त्राचा शालू नेसवतेस. पोरगं खडीत गेलं होतं हे मला कळलं आहे." (आवाज खाली आणून काही उपयोग झाला नव्हता!) तिची भीती खोटी नाही. ट्रॅकवर माणसं जखमी होतात, क्वचित जीवही जातो. सही करताना धोका पत्करल्याचं लिहून द्यावं लागतं. रस्त्याचा विमा बहुधा तिथे चालत नाही. पैसा जातो, पेट्रोल जातं, आणि हे सगळं कशासाठी, तर जिथून निघालो तिथेच परत येण्यासाठी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोल घरातल्यांनाही भरावं लागतं. धोका नाही असं मी तिला सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, की वेगाची ओढ त्याच्यात आहेच, ती आपण घातलेली नाही आणि आपल्याला काढताही येणार नाही. ती कुठे जाते, एवढंच बघता येतं. आमचं एकमत अजून झालेलं नाही.

इंग्लंडात वेगाला जागा मिळाली ती एका योगायोगाने. दुसऱ्या महायुद्धात तिथे ठिकठिकाणी विमानतळ बांधले, युद्ध संपल्यावर ते ओस पडले, आणि त्यांच्या धावपट्ट्यांवर, कडेच्या रस्त्यांवर लोक मोटारी पळवू लागले. सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन, स्नेटरटन, कॅसल कूम ही सगळी सर्किटं अशीच जन्मली. आपल्याकडेही हे घडलं होतं. चेन्नईजवळ शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी कित्येक वर्षं मोटारींच्या शर्यतींसाठी वापरात होती, आणि पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला खास सर्किट झालं. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आलं, तिथे तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यतही झाली. पण शर्यत बघणं वेगळं आणि साध्या माणसाने आपली साधी गाडी घेऊन शिकायला जाणं वेगळं. ती सवय आपल्याकडे रुजली नाही. त्यामुळे वेगाची ओढ असलेल्या मुलाची शाळा म्हणजे रात्रीचा रिकामा रस्ता.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी पोर्शच होती, पण भाच्याच्या गाडीशी नावापलीकडे काही नातं नसलेली, नवी, कित्येक पटींनी ताकदवान. ती सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने जामीन देताना सुरुवातीला त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, आणि त्यावर देशभर संताप उसळला. मी हजारो निबंध तपासले आहेत. निबंधाने मुलगा विचार करायला लागतो यावर माझा विश्वास आहे, पण तो निबंध गाडीची किल्ली हातात येण्याआधी लिहून घ्यायचा असतो. दोन माणसं गेल्यावर त्या तीनशे शब्दांत काय मावणार?

कायद्याचं काम कायद्याने करावं. माझा मुद्दा शिक्षणाचा आहे. आपल्याकडे लायसन्स हा कागद मानला जातो, विद्या मानली जात नाही. आठ आकडा काढून दाखवला, सही झाली, संपलं. मोटार घ्यायला पैसे लागतात, ते बाप देतो. ती थांबवायला काय लागतं, हे कोणी विचारतच नाही. माझ्या भाच्याने तीस वर्षांहून जुन्या गाडीखाली लोळून, तेलाने हात काळे करून, एकदा फाटकातून परत येऊन आणि एकदा खडीत रुतून हे शिकून घेतलं. आता तो साध्या रस्त्यावर पूर्वीपेक्षा सावकाश चालवतो, कारण साठच्या वेगातली गाडी थांबायला किती जागा घेते हे त्याच्या पायाला कळलं आहे. पुढच्या गाडीपासूनचं अंतर तो आता मनात मोजतो. हा बदल मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिला आहे.

म्हणून कोणी तरुण मला विचारायला आला, "बाई, जुनी कूपे घेतली आहे, ट्रॅकवर न्यायची आहे, काय करू?" तर मी त्याला अडवणार नाही. मी सांगेन, आधी ब्रेक ऑइल बदल. पॅड, टायर, बेल्ट, कूलंट, या क्रमाने बघ. जे जसं होतं तसं कर, जास्तीचं काही लावू नकोस. मग शेजारी शिक्षक बसव आणि तो सांगेल ते ऐक. असे दहा दिवस ट्रॅकवर घालव, आणि त्यानंतरही गाडीची ताकद कमी वाटली तर जरूर वाढव. माझा अंदाज असा आहे की तोपर्यंत तुला ती कमी वाटणार नाही.